तिरपं लाकूड

डेकला मराठीत काय म्हणायचं, यावर आमच्या घरी अर्धा तास वाद झाला. काका म्हणाले मचाण, आई म्हणाली ओटा, आजोबा म्हणाले माळा. कॉन्व्हेंटवाली म्हणून माझं मत कुणी विचारलंच नाही! शेवटी मचाणावर एकमत झालं.

काका राहतात बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : ही वसाहत चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात आखली. दोन घरांत सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याच्याकडे जसे पैसे येतील तसं त्याने आपलं घर वाढवावं. काकांनी मागच्या अंगणात वाढवायचं ठरवलं. सहा लाकडी खांब, सात फुटांवर फळ्या, आणि वर गणपतीला येणारे पंचवीस-तीस पाहुणे. घरात थर्ड इयर सिव्हिलची मुलगी आहे म्हटल्यावर ‘डिझाइन’ अर्थातच माझ्याकडे.

खांब आणि तुळई जोडायची कशी, यातच सगळी गंमत आहे. सोपा मार्ग म्हणजे तुळई खांबाच्या बाजूला लावायची आणि खिळे ठोकायचे. पण मग पाहुण्यांचं सगळं वजन त्या चार खिळ्यांवर! त्यापेक्षा खांबाच्या डोक्याला खाच पाडून तुळई तिच्यात बसवायची आणि आरपार दोन नटबोल्ट घालायचे, दोन्हीकडे वॉशर. वजन लाकडावरून लाकडावर उतरतं, बोल्ट फक्त धरून ठेवतो. मिस्त्रींनी पटाशीने इतकी सुरेख खाच काढली की आमच्या वर्कशॉपमधले जॉब आठवले. असो.

इथपर्यंत सगळे खूश. भांडण पेटलं ते तिरप्या लाकडांवरून. मला खांबापासून तुळईपर्यंत पंचेचाळीस अंशात टेकू हवे होते, लांबीच्या आणि रुंदीच्या दोन्ही दिशांना. काका म्हणाले, "अगं, खालून जाताना डोकं आपटेल. आणि दिसेल किती गचाळ! चार इंची खांब आहेत, वर हत्ती उभा राहील."

राहील हो. पण हत्तीने खाली येऊन अंग घासलं तर? चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत बोल्ट असले तरी बाजूने रेटलं की त्याची काजूकतली होते. त्रिकोणाचं तसं होत नाही, त्याची एखादी बाजू किंवा जोडच तुटावा लागतो. मी हे मेकॅनिक्सच्या भाषेत नीट समजावलं. कुणालाही पटलं नाही.

मग आजोबा बोलले. ते लातूरकडचे, किल्लारीच्या जवळच्या एका गावचे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून दमलेली माणसं झोपलेली, आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंप. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. तिकडची जुनी घरं माळवदाची. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, आत लाकडी खांब-तुळया, वर मातीचा जड थर. भिंती कोसळल्या, पण काही घरांत लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला. पुढे उरलेली घरं मजबूत करताना खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू द्या, असंही सांगितलं गेलं. माझ्या पुस्तकातला ‘नी-ब्रेस’ तो हाच. आजोबांना ते नाव ठाऊक नाही. ते काकांना एवढंच म्हणाले, "वजन वरूनच येतंय असं कुणी सांगितलं तुला? बाजूनं बी येतंय की. टाक ती लाकडं."

काका गप्प. मधला गाळा जाण्यायेण्यापुरता मोकळा ठेवला, बाकी सगळीकडे टेकू. ते लावण्याआधी मी कोपऱ्यातल्या खांबाला खांद्याने रेटलं तेव्हा अख्खं मचाण डुललं होतं. लावल्यावर चुलतभावाने पळत येऊन धडक दिली. मचाण जागेवर, तो खाली.

त्या दिवसापासून मला सवयच लागली आहे. गणपतीचा मांडव, इमारतीची परांची, काहीही दिसलं की मी आधी तिरपा बांबू शोधते. आपल्या गॅदरिंगच्या स्टेजखालीही यंदा वाकून बघणार आहे. (सर, परवानगी असावी.)

काकांकडचं काम मात्र अजून संपलेलं नाही. पावसाळ्यानंतर लाकूड वाळलं की आकसतं आणि नट ढिले पडतात. दिवाळीच्या सुट्टीत ते सगळे पुन्हा आवळायचे आहेत, आणि पान्हा आजोबांनी आत्ताच काढून ठेवलाय.