शाळेचा टोल

ज्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षे अध्यापन केले, तिची जुनी इमारत २०२३ साली दिवाळीनंतर पाडण्यात आली. छत धोक्याचे झाले होते. तिला निरोप देणे भागच होते. तरीही सकाळी फिरावयास निघालो, की पावले आपोआप तिकडे वळत. खरे सांगावयाचे तर, एका वस्तूवर माझा डोळा होता. ओसरीत टांगलेला रेल्वेच्या रुळाचा फूटभर तुकडा, हाच आमच्या शाळेचा टोल. तो घरी न्यावा, असे मी योजिले होते.

पाडकामावर एक कुटुंब होते. नवरा घणाने छत फोडी. बायको ढिगाऱ्यातून वाकड्यातिकड्या सळया ओढून काढी आणि दगडावर ठेवून हातोडीने सरळ करी. मला तो सारा केरकचरा वाटे. तिने मात्र त्याचे निरनिराळे ढीग लावले होते : लोखंड, बीड, पितळ, तांबे.

"बीड वाकत न्हाई गुरुजी, घाव बसला की तुटतं," ती म्हणाली. मग एक पिवळीधमक कडी उचलून तिने लोहचुंबकाजवळ नेली. कडी चटकन चिकटली. "बघा, वरून पितळंचं पाणी, आत लोखंड!" लोहचुंबकाचा धडा मी कितीदा शिकविला असेल, त्याचा असा उपयोग मात्र कधी दाखविला नव्हता.

"हे सारे कोठे जाते?" मी विचारले.

"जालन्याला."

जालना शहरात भंगारापासून सळया करणारे कारखाने आहेत. तेथे विजेच्या भट्टीत १५०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेने लोखंडाचे अक्षरशः पाणी होते. ते साच्यात ओतून जाड कांबी करतात आणि तापलेल्या कांबी फिरत्या दंडगोलांमधून दाबून सळया काढतात. एक टन भंगार असे कामी आले, की सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो दगडी कोळसा वाचतो. शिवाय लोखंड कितीही वेळा वितळवा, त्याचे लोखंडपण जात नाही. कागदाला हे भाग्य नाही. त्याचे तंतू दर खेपेस आखूड होत जातात. आमच्या वर्गाच्या छतातील सळई उद्या एखाद्या पुलात बसेल, या विचाराने माझे दुःख पुष्कळ हलके झाले.

टोल तराजूत घातला. चौदा किलो भरला. मी पैसे दिले. तेवढ्यात ढिगाऱ्यामागून नऊ-दहा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली.

"ही शाळेत जात नाही का?"

"आज हितं, उद्या दुसरीकडं. कुठल्या शाळंत घालावं गुरुजी?"

मला उत्तर सुचले नाही. शाळेचे वर्ग तेव्हा जवळच्या समाजमंदिरात भरत. टोल मी घरी नेला नाही; समाजमंदिरापुढील कडुलिंबाला टांगविला. दुसऱ्या दिवशी मुलीला तेथे नेले. शिक्षिकेने तिला टोल देण्यास सांगितले. तिने दोन्ही हातांनी हातोडी उचलून असा ठोका दिला, की फांदीवरचे पक्षी उडाले!

ती बारा दिवस आली. तेराव्या दिवशी पाडकाम संपले. सळयांनी भरलेला ट्रक जालन्याकडे गेला. ते कुटुंब कोणत्या गावी गेले, ते मात्र कोणालाच सांगता आले नाही.