शून्य कोठे मांडावे?

बीदरच्या आकाशात हवाई दलाची प्रशिक्षण-विमाने पाहतच आम्ही वाढलो. हडपसरला ग्लायडिंग शिकलेल्या पुतण्याने परवा विचारले, उंचीमापक ८० मिलिमीटरचा घ्यावा की ५७चा? अरुंद फलकात दुसराच बसतो. मात्र लहान तबकडीवरील हजाराचा काटा उतरताना चुकीचा वाचला, तर इंजिन नसलेल्या ग्लायडरला पुन्हा वर चढून चूक सावरता येत नाही. म्हणून ठळक आकड्यांचा ५७चाच आम्ही पसंत केला. हवेचा दाब जुळविणारी कळ फिरवून धावपट्टीवर शून्य मांडता येते. समुद्रसपाटी धरल्यास बीदरला जमिनीवरच २,००० फुटांहून अधिक उंची दिसते. दोन्ही आकडे खरेच. आपण कोठून मोजतो, एवढे स्मरणात हवे. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहूनही परस्परांस मूळ गाव विचारणाऱ्या आम्हां घराण्यांना हे निराळे सांगावयास नको.