बंदरातले दिवस

आपल्या गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. त्याला भेटायचे तर गोंदियाहून सुटणाऱ्या विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसावे आणि रात्रभर अंग मोडून घेऊन सकाळी मुंबईला उतरावे. आपल्या वाट्याला आलेले पाणी म्हणजे तळ्यांचे, बोड्यांचे आणि वैनगंगेचे. त्या पाण्याला भरती नाही, ओहोटी नाही. पावसाळ्यात ते चढते, उन्हाळ्यात आटते, एवढेच. तरीही गेल्या वर्षभरात मी समुद्रावरच्या एका होडीविषयी इतके वाचले आहे, की वर्गातल्या मैत्रिणी मला ‘कप्तानबाई’ म्हणू लागल्या आहेत. म्हणोत बापड्या.

होडीचे नाव तारिणी. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती बांधली गेली. लांबी पंचावन्न-छप्पन फूट, म्हणजे आपल्या वर्गाच्या दोन खोल्या एकापुढे एक ठेवाव्यात एवढी. १० सप्टेंबर २०१७ रोजी भारतीय नौदलातल्या सहा तरुणी तिच्यावर चढल्या. वर्तिका जोशी कप्तान आणि सोबत प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी व पायल गुप्ता. शिडाच्या जोरावर पृथ्वीला वळसा घालून त्या २१ मे २०१८ रोजी गोव्याला परतल्या. त्याआधी दिलीप दोंदे यांनी याच कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ होडीतून २००९-१० साली एकट्याने अशी प्रदक्षिणा केली होती. असे करणारे ते पहिले भारतीय. या साऱ्या उपक्रमामागची मूळ कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची.

अशा प्रदक्षिणेचे नियम ठरलेले आहेत. निघालेल्या बंदरातच परतायचे, विषुववृत्त निदान दोनदा ओलांडायचे, सुएझ-पनामासारख्या कालव्यांतून जवळची वाट काढायची नाही आणि किमान २१,६०० सागरी मैल कापायचे. हा आकडा मला फार आवडला. पृथ्वीचे ३६० अंश आणि एकेका अंशाचे ६० मैल. गुणाकार करा, उत्तर येते. आमच्या भूगोलाच्या सरांनी फळ्यावर करून दाखवावा इतका तो सरळ आहे.

या सफरींविषयी लिहिणारे बहुतेक लोक वादळांविषयी लिहितात. केप हॉर्नच्या डोंगराएवढ्या लाटा, गोठवणारा वारा, काळोखातली पहाऱ्याची पाळी. ते सारे थरारक आहेच. माझे मन मात्र बंदरात रेंगाळते. तारिणी ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला थांबली, न्यूझीलंडमध्ये लिटल्टनला, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅनलीला आणि आफ्रिकेत केपटाऊनला. दोंदे यांचीही बंदरे हीच चार. एकेका ठिकाणी आठ-दहा दिवस, कधी पंधरवडा, कधी त्याहूनही जास्त. त्या दिवसांत होडीवर काय चालत असेल, याचे मला अनिवार कुतूहल.

होडी धक्क्याला लागली म्हणजे विसावली, असे आपल्याला वाटते. पण दोर बांधून होतात न होतात तोच कागदपत्रे तपासणारे अधिकारी दारात उभे. न्यूझीलंडसारख्या देशात तर परक्या मुलखातले फळ, मध, मांस काही आत येऊ देत नाहीत. शिधा उघडून दाखवावा लागतो. मग मीठ. महिनाभर समुद्राचे पाणी अंगावर घेतलेल्या होडीत मीठ नाही अशी जागा नसते. दोर मिठाने ताठरलेले, गाद्या दमट, कपाटांच्या कोपऱ्यांत बुरशी. सारे बाहेर काढायचे, गोड्या पाण्याने धुवायचे, उन्हात घालायचे. एरवी ऐटबाज दिसणारी होडी त्या दिवसांत चाळीच्या गॅलरीसारखी दिसते. कठड्यावर टॉवेल, सतरंज्या, पायमोजे!

नंतर खरे काम. कॅनव्हासच्या झोळीत बसून एकीने डोलकाठीच्या टोकापर्यंत चढायचे. ही डोलकाठी सात-आठ मजली घराएवढी उंच. तिथे लोंबकळत प्रत्येक तार, प्रत्येक खिट्टी बोटांनी चाचपून पाहायची. एक तार झिजलेली राहिली आणि भर समुद्रात तुटली, तर डोलकाठीच कोसळायची. खाली कुणी शिडाच्या शिवणी तपासते, जाड सुईने ठिगळे लावते. कुणी इंजिनाचे तेल बदलते, कारण विजेसाठी आणि बंदरात शिरताना-निघताना इंजिन लागतेच. पाण्याच्या टाक्या भरायच्या. पुढच्या टप्प्याचे दिवस आणि माणसे यांचा गुणाकार करून डाळ, तांदूळ, कांदे, बटाटे, डबाबंद भाज्या मोजायच्या आणि अशा रचायच्या की जे आधी लागेल ते वर राहील. आपल्या आया वर्षाचे धान्य भरतात, त्याच जातीचे हे काम. फक्त विसरलेले मीठ शेजारणीकडे मागायची सोय नाही. हे सारे आटोपले, की हवामानाचे नकाशे पाहत वाऱ्याची वाट पाहायची. तो अनुकूल नसेल तर पुन्हा थांबायचे.

दोंदे यांचे ‘द फर्स्ट इंडियन’ हे पुस्तक मी इंग्रजी शब्दकोश मांडीवर ठेवून वाचले. त्यांची सफर नऊ महिन्यांची. पण त्यांतले प्रत्यक्ष समुद्रावरचे महिने साधारण पाच. बाकीचे दिवस बंदरांत गेले. हा हिशेब कळला तेव्हा मला का कोण जाणे, फार बरे वाटले.

हे बरे वाटण्याचे कारण सांगायचे तर घरचे सांगावे लागेल. आमचे घर नवेगावबांधच्या तळ्याकाठचे. जात ढिवराची, धंदा मासेमारीचा. हे तळे कोहळी लोकांनी काही शतकांपूर्वी बांधले. त्याच्या पाण्यावर त्यांचे धान पिकले आणि त्याच्या मासोळीवर आम्ही वाढलो. बाबांचा एक डोंगा आहे. तो पाण्यावर असतो त्याच्या दुपटीने काठावर असतो, असे म्हटले तरी चालेल. त्याच्या फटी बुजवणे, डांबर लावणे, जाळ्याची फाटलेली घरे पुन्हा विणणे, हे सारे काठावर चालते. आमची आजी म्हणायची, “जाळं फाटलं तं मासोरी हासते.” मासोळीला हसू द्यायचे नसेल तर सुतळी घेऊन बसावे लागते, आणि बसलेला माणूस रस्त्याने जाणाऱ्याला रिकामा दिसतो.

मी बारावी झाले त्या वर्षी पावसात पाळीवरून घसरून बाबांचा पाय मोडला. प्रवेशाचे दिवस आले आणि गेले. ते वर्ष मी घरी काढले. पहाटे मायसोबत मासोळीची टोपली घेऊन बाजारात जायचे, दुपारी जाळी विणायची, संध्याकाळी धाकट्या भावाचा अभ्यास घ्यायचा, रात्री उधारीची वही लिहायची. येणारेजाणारे हळहळत, “पोरीचं वरीस वाया गेलं.” दोघा-तिघांनी तर त्या वाया गेलेल्या वर्षाला स्थळेही सुचवली. मायने त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावले.

पुढल्या वर्षी प्रवेशाला आले तेव्हा खंडाचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. टंकलेखकाकडे मजकूर तयारच असतो. तो फक्त नाव बदलतो. ‘सदर काळात मी कोठेही प्रवेश घेतलेला नाही, मी घरीच होते.’ मी सही केली. मजकुरात खोटे काहीच नव्हते. पण त्या ‘घरीच’मधला ‘च’ पुढे कितीतरी दिवस मला टोचत राहिला. तीनशे पासष्ट दिवस, बाबांचे पुन्हा चालायला लागणे, चार जाळी, भावाचे पाढे, सगळे त्या एका अक्षराने झाकून टाकले होते.

तारिणीच्या सफरीत एक बंदर असे आहे, जे आधी ठरलेल्या यादीत नव्हते. केपटाऊनहून गोव्याकडे येताना तिच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये तिला मॉरिशसच्या पोर्ट लुईला वळावे लागले. घर समोर दिसत असताना थांबणे किती जिवावर येत असेल! पण त्या थांबल्या, दुरुस्ती केली आणि मगच निघाल्या. ही हकिकत मी बाबांना सांगितली. जाळ्यावरची नजर न काढता ते म्हणाले, “बरं झालं बाई, काठ जवळ होता.” सुकाणू मोडल्यावर कुणी होडीला विचारत नाही की तू कमी पडलीस का. काठ कुठे आहे, एवढेच विचारतात. त्या वर्षी आमचा काठ मायने आणि मी धरून ठेवला होता, हे बाबांना माहीत होते. म्हणूनच बहुधा त्यांनी मान वर केली नाही.

आणखी एक गोष्ट. तारिणीची सफर २५४ दिवसांची, असे सगळीकडे नोंदले आहे. मी कॅलेंडर घेऊन मोजले. गोव्याहून निघाल्यापासून परत येईपर्यंतचे सगळे दिवस त्यात धरले आहेत. गाद्या वाळत घातल्याचे, शिडे शिवल्याचे, वाऱ्याची वाट पाहिल्याचे, पोर्ट लुईचेही. बंदरातले दिवस कुणी वजा केलेले नाहीत.

मग आपल्याच हिशेबात ते वजा का व्हावेत? आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे कितीतरी आहेत. कुणाचे वर्ष रोवणीच्या मजुरीत गेले, कुणाचे आईच्या आजारपणात, कुणी पुण्याला कंपनीत वर्षभर राबून फीचे पैसे जमवून आला. हजेरीपटावर त्यांची नावे इतरांच्या खाली असतात आणि वय थोडे जास्त. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ना आणि रूपा या नौदलातल्या दोघीच तारिणी घेऊन पुन्हा निघाल्या आणि मे २०२५ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतल्या. सहांचे काम दोघींनी केले. त्यांनाही तीच चार बंदरे लागली. थांबल्यावाचून त्यांचेही भागले नाही.

या वर्षी माझे बी. ए. पुरे होईल. पुढे काय, हे वारा पाहून ठरेल. तोवर एक विनंती. नव्या वर्षी प्रवेशाच्या रांगेत कुणी खंडाचे प्रतिज्ञापत्र हातात घेऊन अवघडून उभा दिसला, तर ‘वर्ष का गेले’ असे त्याला विचारू नका. त्या वर्षात काय काय दुरुस्त केलेस, असे विचारा. सांगायला त्याच्याकडे पुष्कळ असेल.