सुट्टीतलं मातीकाम



नांगरट उरकली, पऱ्हाट्या निघाल्या. पाऊस यायला वेळ आहे आणि पोरांना सुट्ट्या आहेत. माझी दोन नातवंडं शहरातून आलीत, गल्लीतली पाच-सहा आहेत, आणि आमच्या सालदाराचा मुलगा. दुपारी ऊन इतकं की बाहेर सोडता येत नाही. मग मोबाईल. त्याला तोड म्हणून गोठ्याच्या सावलीत मातीकाम लावलं. खर्च शून्य, म्हणून इथं लिहितो.

पहिलं काम, पोळ्याचे बैल. नुसत्या काळ्या मातीचा बैल वाळला की तडकतो. शेतात भेगा पडतात त्याच कारणाने. आपल्या काळ्या मातीत चिकणमाती जास्त, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून माती चाळून घ्यायची, तीन वाट्या मातीला एक वाटी बारीक रेती, वरून मूठभर वाळलेल्या शेणाचा भुगा. बैल उन्हात ठेवायचे नाहीत, सावलीत चार-पाच दिवस वाळू द्यायचे. शिंगं पातळ केली तर तुटतात, आत काडी घालावी.

दुसरं काम मातीच्याच ओळखीचं. तीन वावरांतली माती आणली, ओली केली आणि हातावर वळ्या करायला सांगितल्या. वळी वाकवून न तुटता कडं झालं तर माती भारी. वळी होते पण वाकवताना तुटते, ती मध्यम. गोळाच टिकत नाही, ती रेताड. कृषीवाले मित्र हीच परीक्षा करतात हे त्यांना माहीत आहे. काचेच्या बरणीत एक भाग माती, दोन भाग पाणी टाकून हलवून ठेवलं की रेती मिनिटभरात तळाला बसते, त्यावर पोयटा, आणि चिकणमातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसतं. पोरांनी त्या थरांची चित्रं काढली.

इथं सालदाराचा मुलगा सगळ्यांच्या पुढे निघाला. डोळे बांधून माती हातात दिली तरी वावराचं नाव सांगायचा. नाल्याकडची, विहिरीजवळची, टेकाडावरची. माझी नातवंडं त्याला विचारून विचारून शिकली. शाळेत तो मागच्या बाकावर बसतो, आणि बाप म्हणतो आठवीनंतर पुरे. मी बापाला बोलावून हे दाखवलं. म्हटलं, याला कृषी विद्यालयापर्यंत जाऊ दे. "बघू भाऊ," एवढंच बोलला. पण पोरगा सांगत होता तेव्हा तो शेवटपर्यंत तिथंच उभा होता.

रंगही घरचेच. होळीला वाळवून ठेवलेली पळसाची फुलं उकळली की केशरी. हळदीचा पिवळा. हळदीत चुना पडला की लाल, पण चुना मोठ्या माणसानेच हाताळावा, डोळ्यात गेला तर वाईट. गेरू आहेच. तांदळाच्या पिठाचा पांढरा, वारली लोक भिंतीवर वापरतात तसा. रंग धरून राहावा म्हणून बाभळीचा डिंक भिजवून घालावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रंगासाठी डबे आणा म्हटलं तर एक पोरगं धुऱ्यावरून फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली घेऊन आलं. कितीही धुतली तरी ती बाटली घरात, खेळात वापरायची नाही. मग तोच विषय चित्राचा केला. औषधाच्या लेबलवर कोनावर उभा चौकोन असतो, त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. कमी म्हणजे निर्धोक नव्हे. पोरांनी हे चारही चौकोन गोठ्याच्या भिंतीवर मोठे रंगवले. निळा तेवढा कपड्याच्या निळीचा केला. आता मजूर बायासुद्धा पंप भरायच्या आधी बाटली त्या भिंतीशी ताडून बघतात.

शहरातल्या शिबिराला पैसे मोजावे लागतात, तिथंही पोरं मातीच कालवतात. आपल्याकडे माती बांधावर पडली आहे. शाळा उघडायच्या आत एक दुपार काढा. आणि ज्याच्या घरी वावर नाही अशा एका तरी पोराला सोबत बसवा.