खानदेशांतील दगडी दांड

गेल्या माघांत आम्ही धुळ्याहून साक्रीकडे गेलों. वाटेंत शेतांमधून काळ्या दगडाचे लांबच लांब, भिंतीसारखे दांड दिसतात; नवख्यास पडक्या तटाचा भास व्हावा. परंतु हे मनुष्यकृत नव्हेत. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं पसरलेल्या लाव्हाच्या आडव्या थरांस भेगा पडल्या, त्यांत खालून नवा रस चढून थिजला, आणि भोंवतालचा खडक झिजल्यावर हे दांड उघडे पडले. जें चिरलें गेलें तें आधींचें, चिरणारें मागाहूनचें. नैयायिकांचें धूमावरून अग्नीचें अनुमानही याहून भक्कम नाहीं! जळगांवकडे तापीकांठीं या खडकांवर गाळ पसरला आहे, तो सर्वांत धाकटा. केळीच्या बागा त्यावरच.

धगधगत्या लाव्हांत जीवांचे अवशेष टिकणार कोठून? ते पाहण्यास नागपूरजवळील टाकळीस जावें. तेथें लाव्हाच्या दोन थरांमध्यें दबलेल्या तळ्याच्या गाळांत पाद्री हिस्लॉप व हंटर यांस गोगलगाईंचे शंख मिळाले. १८५५ सालीं त्यांविषयींचा लेख लंडनमध्यें छापला गेला. तोच ‘फायसा’ नांवाचा शंख छिंदवाडा जिल्ह्यांतील मोहगांवींही निघतो, म्हणून दोन्ही गाळ एकाच युगाचे मानितात.

खानदेशांत मुख्य साक्ष दांडांची. आणि खडीसाठीं त्यांसच सुरुंग लागत आहेत. दांड फुटून गेल्यावर थर आधीं कीं दांड आधीं, हें मुलांस कोठें नेऊन दाखवावें?