गाठ

मराठीत ‘गाठ’ हा मोठा राबता शब्द आहे. पदराला मारतात ती गाठ, लग्नात बांधतात ती गाठ आणि अवचित माणूस भेटतो तीही गाठच. भोकरदन तालुक्यातल्या माझ्या आत्याच्या हाताला २००६ साली छातीत लागली ती यांपैकी कोणतीच नव्हती. दीड वर्ष तिने ती कोणाला सांगितली नाही. त्या काळात कापसाची वेचणी झाली, धाकट्या मुलीचे लग्न झाले. पुढे मी विचारले तेव्हा म्हणाली, “दुखत नव्हती माय. दुखत न्हाई त्याला दवाखाना कशाला?”

आजाराला आपण ‘दुखणे’ म्हणतो. जे दुखत नाही ते दुखणे नव्हे, हा हिशेब भाषेनेच तिच्या हाती दिला होता. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हे तिला सांगणारे कोणी भेटले नाही. २००८ साली ती गेली.

मी मराठी शिकवते. जात्यावरच्या ओव्या शिकवताना ‘पान्हा’ हा शब्द मी वर्गात मोकळेपणाने उच्चारते. ‘स्तन’ म्हणताना मात्र आवाज आपोआप खाली येतो. शृंगारात तो प्रियकराचा, अंगाईत बाळाचा. ज्या बाईच्या अंगावर तो आहे तिचा म्हणून तो आमच्या अभ्यासक्रमात कुठे आला, हे मला आजही दाखवता येणार नाही.

मग बाई तपासणीला जाते ती कशाने? भिंतीवरच्या फलकाने, असे मला वाटत नाही. बार्शीला १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. काम नोंदीचे, पण त्यासाठी माणसे गावोगाव जात, बसत, बोलत. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या. आजार वेगळा असला तरी संकोच तोच. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित स्त्री-कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. २०२१ साली निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीच्या आत तशी घट दिसली नाही, हेही सांगायला हवे. यंत्र नव्हते; बाईचा हात होता.

हे सारे वाचलेली मी स्वतः मात्र कधी गेले नव्हते. गेल्या वर्षी आशाताई घरी आल्या. तीस वर्षांवरील प्रत्येकीसाठी भरायच्या त्यांच्या तक्त्यात गाठीचा प्रश्न असतो. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मी घाईने ‘नाही’ म्हटले. त्यांनी पेन उचलले नाही. चहाचा कप खाली ठेवून हळूच म्हणाल्या, “बाई, हात लावून बघितलं का कधी?”

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबरच आरोग्य केंद्रात गेले. पडदा ओढलेला, सिस्टरांचे हात गार. दहा मिनिटेही लागली नाहीत. काही आढळले नाही. ‘घरात कोणाला होता का?’ या प्रश्नावर, इतक्या वर्षांत प्रथमच, मी परक्या माणसापुढे आत्याचे नाव घेतले.

बाहेर येऊन तिच्या धाकट्या मुलीला फोन लावला. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “जाईन ना ताई. एवढा कापूस निघू दे.”