पंचाचे कार्ड आणि प्रेक्षकांचा राग

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ज्या कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले, त्या खेळात चढाईपटूचा, म्हणजे दम धरून प्रतिपक्षाच्या अंगणात शिरणाऱ्या खेळाडूचा, गळा आवळणे, तोंड दाबणे किंवा त्याला पायांची कात्री घालणे नियमबाह्य आहे. अशा पकडीबद्दल पंच ताकिदीचे हिरवे, दोन मिनिटे बाहेर बसवणारे पिवळे किंवा सामन्यातूनच काढणारे लाल कार्ड दाखवतात. अमरावती-अकोल्याकडच्या मैदानांवर आपल्या बचावपटूला कार्ड मिळाले की प्रेक्षक पंचावर तुटून पडतो, कारण त्याच्या लेखी ती पकड शौर्याची असते. आणि गळा आपल्या चढाईपटूचा आवळला गेला, तर तोच प्रेक्षक लाल कार्डासाठी ओरडतो. हा निव्वळ दुराग्रह मानणे अन्यायाचे होईल, कारण पकडीचा क्षण इतका अल्प असतो की गर्दीला गुण दिसतो, मान दिसत नाही. तरीही पंचाने हात आखडता घेऊ नये. मानेची इजा मज्जारज्जूपर्यंत, म्हणजे मेंदूचे आदेश शरीराला पोचवणाऱ्या चेतातंतूंच्या जुडग्यापर्यंत, गेली तर खेळाडूचे हातपाय कायमचे निकामी होऊ शकतात.